रेलिंगच्या पलीकडं

आत्ता नवजाहून घरी आले. कपडे बदललेत, केस अजून ओलेच आहेत, आणि जेवायच्या आधी हे लिहून टाकते. उद्या राग निवला की राहून जाईल.

नवजाचा ओझर्डे धबधबा सध्या तुफान आहे. कोयना, नवजा, महाबळेश्वर, पेपरातले पावसाचे हे तीन आकडे आपण सगळेच रोज सकाळी बघतोय. कराडहून पहाटे साडेपाचला निघालो, पाटणला चहा घेतला, कोयनानगरच्या पुढं धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नव्हतं. साडेसातला पोचलो तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या. एमएच बारा, एमएच नऊ, आपली अकरा तर आहेच.

गर्दीबद्दल माझी तक्रार नाही. माणसं पाऊस बघायला येणारच. कणसं भाजणाऱ्या बायकांचे कमाईचे दिवस हेच, तेही मान्य. कुणाचीतरी छत्री फ्रेममध्ये येते, कुणी "काकू, जरा सरकता का" म्हणतं. सरकते मी. त्यात काय एवढं.

राग आलाय तो आपल्याच, फोटो काढणाऱ्या लोकांचा. पाच-सहा जण होते. भारीतले कॅमेरे, ट्रायपॉड, पाठीवर रेनकव्हर घातलेल्या बॅगा. रेलिंग ओलांडून सरळ खाली ओढ्यातल्या दगडांवर गेले आणि तिथं ट्रायपॉड लावून बसले. वनखात्याचा माणूस वरून शिट्ट्या मारतोय, पण त्या धबधब्याच्या आवाजात दहा पावलांवर शिट्टी ऐकू येत नाही. दहा मिनिटांत त्यांच्या मागं कॉलेजची पोरं उतरली. पायात चपला, हातात मोबाईल. त्या पोरांना काय म्हणायचं? मोठी, जाणती, हजारोंचं सामान गळ्यात घातलेली माणसं खाली उभी आहेत म्हणजे खाली जायला हरकत नसणार, असंच वाटणार ना त्यांना.

मी ओरडले. घसा बसलाय आता. त्यातला एक वर आल्यावर मला शांतपणे म्हणाला, "मॅडम, आम्हाला अनुभव आहे. आम्ही दर वर्षी येतो."

दर वर्षी मीही जायचे. 2009 च्या ऑगस्टमध्ये ह्याच ओढ्यात, आणखी थोडं खालच्या अंगाला, मी अशीच दगडावर उभी होते. नवा कॅमेरा, नवा फिल्टर, पाणी दुधासारखं मऊ यायला हवं म्हणून अर्ध्या सेकंदाचा शटर. वर आभाळ चक्क उघडलेलं. काठावरून एक मामा हाक मारत होते, डोक्यावर इरलं, हातात काठी, मागं दोन म्हशी. "ओ ताई, मागं या. पाणी तांबडं व्हाय लागलंय." मी म्हणाले, दोन मिनिटं मामा, एकच फोटो. मी दगडावरून निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तो दगड दिसेनासा झाला.

मला पाणी पांढरंच दिसत होतं. त्यांना त्यातली तांबूस झाक दिसली, वाहून येणारा पालापाचोळा दिसला. आपल्या डोंगरांवर माथ्याला सडे आहेत. जांभा दगड, वर वीतभर माती. तिथं पडलेलं पाणी मुरतं किती आणि वाहतं किती! खाली ऊन पडलेलं असलं तरी वर सड्यावर सर कोसळली की तो लोंढा ओढ्यात यायला वेळ लागत नाही. हे आपल्या भागातल्या कुठल्याही गुराख्याला कळतं. आणि आपण, 2005, 2019, 2021 चे पूर बघितलेली माणसं, कराडच्या प्रीतिसंगमावर नदीचं पाणी किती पायऱ्या चढलं ते रोज बघून येणारी माणसं, आपण तिथं जाऊन अनुभव सांगायचा? ह्याच पाटण तालुक्यात जुलै 2021 मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. चार-पाच वर्षंच झाली त्याला.

बरं, फोटोसाठी म्हणाल तर त्या दगडावरून फोटो येतच नाही. हे मी इतकी वर्षं भिजून सांगतेय. पाणी भरात असताना जवळ गेलं की तुषार थेट लेन्सवर. पुसून कापड बाजूला करेपर्यंत काच पुन्हा भरलेली. (कापड म्हणजे आमच्या आजोबांच्या धोतराचा तुकडा, दुकानातल्या कुठल्याही मायक्रोफायबरपेक्षा बरा.) आणि एवढ्या पाण्याला अर्धा सेकंद दिला की ते मऊ वगैरे होत नाही, नुसता पांढरा पडदा होतो, पाण्याचे पदर सगळे जातात. भरलेल्या धबधब्याला एक अष्टमांश, फार तर एक पंधरांश सेकंद द्या, त्याचे धागे दिसतात. लांबची लेन्स लावा, रेलिंगच्या आत उभं राहा आणि मधला एखादाच टप्पा पकडा, जिथं पाणी कातळावर आपटून फुटतं तो. पोलरायझर फिल्टर फिरवला की ओल्या कातळावरची आणि पानांवरची चमक जाते आणि तो काळाहिरवा रंग येतो. ढगाळ उजेडासारखा उजेड नाही त्याला. ऑक्टोबरात पाणी उतरल्यावर जवळून फोटो छान येतो, हे खरं आहे. मग ऑक्टोबरात जा की!

मला लोक म्हणतात, तू तरी काय, तुझेच फोटो बघून माणसं तिकडं येतात. हो, येत असतील. माझ्या फोटोंत कधी माणूस नसायचा. खरं तर शटर लांबवला की चालणारी माणसं पुसली जातात, सेल्फीला थांबलेली मात्र राहतात, मग मी ती कापून टाकायचे. बघणाऱ्याला वाटतं इथं कुणी नसतं, आपणच. रेलिंगसुद्धा कापायचे मी. आता नाही कापणार.

2009 ची गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी आधी सांगितलेली आहे, पण एक भाग सांगितला नव्हता. मी दोन मिनिटं म्हणाले आणि खरोखर थांबले. तेव्हा ते मामा स्वतः खाली उतरले. साठीच्या पुढचे असतील. म्हशी तशाच सोडल्या, इरलं काठावर टाकलं, गुडघाभर पाण्यातून आले, एका हातानं माझा ट्रायपॉड उचलला आणि दुसऱ्यानं माझं मनगट धरलं. काठाला येताना त्यांचा पाय एकदा सटकला. मी त्यांचं नाव विचारलं नाही. त्यांना धरून थांबवलं नाही, चहा पाजला नाही, मी काठावर बसून आधी कॅमेरा भिजलाय का ते बघितलं.

आज तेच झालं म्हणून हे सगळं वर आलं. शिट्टी मारून उपयोग होईना तेव्हा तो वनखात्याचा पोरगा गमबूट घालून खाली उतरला. पोरगाच, पंचविशीचा असेल. एकेकाला हात देऊन वर घेत होता, आणि कॅमेरेवाले त्याला हातानं खुणावत होते, फ्रेममधून बाजूला हो म्हणून. तो झाला हो बाजूला! ओल्या दगडावर, एका पायावर. त्याची आई कुठल्यातरी वाडीत त्याच्या डब्याची काळजी करत असेल.

मी ओरडले ते तेव्हा. नंतर त्याला गाठून नाव विचारलं, कणीस दिलं. घेत नव्हता, घेतलं शेवटी. म्हणाला, "रोजचंच हाय ताई. रविवारी जरा जास्ती."

आज काढलेला एक फोटो खाली लावलाय. थोडा तिरका आलाय, डाव्या बाजूला कुणाचीतरी जांभळी छत्री आहे, खाली रेलिंग आहे, आणि उजव्या कोपऱ्यात खाकी रेनकोटातली पाठ दिसते, तो तोच. त्या पाच-सहा जणांपैकी कुणी माझ्या यादीत असेल तर वाचून मला फोन करा. भांडणार नाही. पुढच्या बुधवारी सुट्टी आहे, मी ठोसेघरच्या धबधब्याला जाणार आहे, बरोबर या. रेलिंगच्या आतून कसा काढायचा ते दाखवते, लांबची लेन्स माझी वापरा.