मामा, हूटरची वायर आधी जोड!

"फायर एनओसी एकदा मिळाली की लाइफटाइम, फॉर्म बी म्हणजे एजन्सीवाल्यांची लूट, अलार्म उगाच वाजत असेल तर हूटरची वायर काढा, पॅनलचा हिरवा दिवा चालू असला म्हणजे झालं." हा फॉरवर्ड गेले पंधरा दिवस नाशिकभर फिरतोय. मी इग्नोर करणार होतो, पण पाथर्डी फाट्याला आमचा मामा सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि त्याने तो वाचून खरंच हूटरची, म्हणजे फायर अलार्मच्या भोंग्याची, वायर काढली!

तर आधी वायरच. हिरवा दिवा म्हणजे फक्त अलार्मच्या पॅनलला लाइट येतेय, बाकी काही नाही. डिटेक्टरला धूर लागला तर पॅनलवर लाल दिवा पेटेल, पण रात्री दोन वाजता तो बघणार कोण, वॉचमन गेटवर आणि पॅनल मीटर रूममध्ये. उगाच वाजतो तो बहुतेक वेळा डिटेक्टरमध्ये धूळ नाहीतर झुरळ गेल्यामुळे, किंवा कोणी लॉबीत धूप फिरवला म्हणून. डिटेक्टर साफ करून घ्या ना! आणि सायलेन्सचं बटण असतं की, ते दाबलं तरी दुसऱ्या मजल्यावरून नवीन अलार्म आला तर बहुतेक पॅनल परत वाजतात. वायर काढलीत की विषयच संपला.

लाइफटाइमचं म्हणाल तर महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे, त्याचं कलम 3 वाचा. सिस्टिम चालू ठेवायची जबाबदारी मालकाची नाहीतर भोगवटादाराची, आणि लायसन असलेल्या एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे सिस्टिम चालू असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यायचा. यात लाइफटाइम कुठे दिसलं?

लूट होते हे मात्र मान्य करावंच लागतं. काही एजन्सीवाले जिना न चढता सही ठोकतात. पण मग सही घेताना सोबत फिरा, प्रत्येक मजल्यावर टेस्ट करायला लावा आणि तारखेसकट रजिस्टरमध्ये लिहा. मामाच्या रजिस्टरला तर अजून प्लॅस्टिक कव्हर होतं. पॅनलशेजारी झोनचा तक्ताही नाही, म्हणजे झोन 4 पेटला तर तो कुठला मजला हे बिल्डरलाच माहीत!

"एनएफपीए 72 आपल्याला बंधनकारक" असंही त्या फॉरवर्डमध्ये आहे. ते फायर अलार्मचं अमेरिकेचं स्टँडर्ड, आपल्याकडे भारतीय स्टँडर्ड आयएस 2189 बघतात.

मामाने काल वायर जोडली. फॉल्टचा पिवळा दिवा अजून जात नाहीये, बहुतेक बॅटऱ्या गेल्यात, शनिवारी माणूस येतोय.