गाडी दुरुस्त करू नका, प्रगती करा

जुनी गाडी घरी आणून तिच्यावर स्वतः काम करायचं ठरवलं असेल, तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. गाडी दुरुस्त करायची नाही. दुरुस्ती गॅरेजवाले करतात, कारण त्या बिचाऱ्यांना गाडी परत द्यावी लागते. तुम्हाला कोणाला द्यायची आहे? तुम्ही प्रगती करायची. दुरुस्ती संपते, आणि ती संपली की सुट्टीच्या सकाळी घरात बसून तुंबलेली कामं ऐकून घ्यावी लागतात. प्रगतीत असला धोका नाही.

गाडी निवडताना सोबत चुंबक नेऊ नका. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा गेलेला असतो आणि त्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलेला असतो. हे आधीच कळलं तर माणूस गाडी घेत नाही आणि सगळाच कार्यक्रम बारगळतो. त्यापेक्षा मालकाच्या शब्दावर विसंबा. 'गाडी चालू आहे, फक्त थोडं काम आहे' असं तो म्हणाला की लगेच व्यवहार उरका. घरी आणल्यावर आतली चटई उचला. गाडीत बसल्या बसल्या खालची फरशी दिसली तर 'थोडं काम' कुठे आहे ते कळलं, म्हणजे निदान पूर्ण झालं. हीसुद्धा प्रगतीच.

मग सोडवायला घ्या, आणि पहिल्याच दिवशी सगळं सोडवा. प्रगती डोळ्यांना दिसते ती याच टप्प्यात. दुपारपर्यंत सीट बाहेर, संध्याकाळपर्यंत डॅशबोर्ड बाहेर, आणि बघायला आलेला प्रत्येकजण 'वा, बरंच झालं की!' म्हणून जातो. फोटो काढत बसू नका. वेगवेगळ्या पिशव्या, त्यावर चिठ्ठ्या, हे स्वतःच्या स्मरणशक्तीवर अविश्वास दाखवणं झालं. सगळे नट-बोल्ट एकाच डब्यात टाका. त्यात एकाच जाडीचे, एकाच आट्याचे, पण लांबीत थोडे कमी-जास्त असलेले बोल्ट निघतील. तेही त्यातच. पुढे कधीतरी लांब बोल्ट आखूड भोकात जाईल, तळाला टेकून घट्ट बसल्यासारखा वाटेल आणि पार्ट मात्र खाली सैलच राहील. गळती कुठून होते ते शोधायला यामुळे पुढचे कितीतरी रविवार सत्कारणी लागतात.

आता बोल्ट. या छंदाचा खरा गाभा हाच आहे, तेव्हा जरा थांबून बोलू.

लोखंड गंजलं की त्याचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. आट्यांमध्ये मुळात जागा नसतेच, त्यामुळे बोल्ट जाम होतो. यावर उपाय जगजाहीर आहे. आत झिरपणारं तेल सोडायचं, रात्रभर थांबायचं, शक्य तिथे नट तापवायचा, मग थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा सैल असं खेळवत काढायचा. हे सगळं संयमाचं काम आहे, म्हणून ते करू नका. हाताला लागेल तो फवारा मारा. डब्ल्यूडी-४० असेल तर उत्तमच. ते मुळात १९५३ साली पाणी हटवून गंज टाळण्यासाठी बनवलेलं मिश्रण आहे, हट्टी बोल्टांसाठीचं तेल वेगळं मिळतं. पण फवारल्यावर काहीतरी केल्याचं समाधान मिळतं ते यातच. शिवाय त्यातला ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. घरून 'अजून किती वेळ?' अशी विचारणा झाली की ही माहिती पुरवावी.

फवारा मारून झाला की मिनिटभरही न थांबता पाना लावा. नेमक्या मापाचा सापडत नसेल, आणि १० चा कधीच सापडत नसतो, तर किंचित मोठा लावा. डोकं गोल झालं की पक्कड. पक्कडही घसरली की गोटी पाना ठोकून बसवा आणि दांड्याला लांब पाइप जोडा. इथे नीट लक्ष द्या. बोल्ट सुटतो तेव्हा टक असा करकरीत आवाज येतो आणि नंतरही तो कुरकुरत, अडत अडत फिरतो. तुटतो तेव्हा आवाज नंतर येतो. आधी हाताला एकदम मऊ लागतं. त्या अर्ध्या सेकंदात तुमची खात्री पटलेली असते, की सुटला! हा अर्धा सेकंद मनसोक्त उपभोगा. या छंदातला सर्वोच्च आनंद तोच, आणि तो फक्त तुटणाऱ्या बोल्टातूनच मिळतो.

तुटक्या बोल्टात भोक पाडा, अर्थातच मध्य चुकवून. त्यात एक्स्ट्रॅक्टर घाला. हे तुटका बोल्ट बाहेर काढायचं, अत्यंत कडक पोलादाचं अवजार असतं, आणि कडक असल्यामुळेच ठिसूळ. थोडा जोर लावला की तेही आत तुटतं, आणि मग त्यात साध्या ड्रिलने भोकसुद्धा पडत नाही. सकाळी तिथे गंजकं लोखंड होतं, संध्याकाळी उच्च प्रतीचं पोलाद आहे. एका दिवसात धातूची एवढी सुधारणा भल्याभल्या कारखान्यांना जमत नाही.

यानंतरचा मंत्र तोंडपाठ करा: 'उघडलंच आहे तर...' क्लच बदलायचा म्हणून गिअरबॉक्स खाली घेतला. उघडलंच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील बदलू. सील बदलायचं तर इंजिनच बाहेर काढलेलं बरं. इंजिन निघालंच आहे तर बॉनेटखालचा पत्रा खरवडून रंगवू. खरवडल्यावर भोकं दिसतात. भोकं दिसली की वेल्डिंग शिकावं लागतं. क्लच अजून खोक्यातच आहे, पण तुम्ही कुठच्या कुठे पोचलात बघा.

सुटे भाग मागवताना गाडीचं नाव सांगितलं की पुरे. चासी नंबर वगैरे बघत बसू नये. बहुतेक मॉडेलांत कंपनीने मध्येच कधीतरी काहीतरी बदललेलं असतं, आणि तुमची गाडी हमखास त्या बदलाच्या पलीकडची असते. आलेला पार्ट जवळजवळ बसतो. हा 'जवळजवळ' फार मोलाचा आहे. त्याच्या जोरावर कानशीने घासण्यात एक अख्खी दुपार जाते, आणि घासलेला पार्ट दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे परत करण्याची दगदगही वाचते.

ब्रेकच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. आधी रंगकाम पूर्ण करा, मगच ब्रेक ऑइल भरा. साधं डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल सांडलं की रंग सोलून काढतं, त्यामुळे पुन्हा रंगवण्याची संधी मिळते. मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला घरातल्या एखाद्याला पेडलवर बसवा आणि स्वतः चाकामागे झोपा.

'दाब.'

'दाबलं.'

'धरून ठेव.'

'सोडू?'

'नको! सोडू नको!'

'सोडू म्हणालास ना?'

तेवढ्यात निपल, म्हणजे चाकामागचा हवा काढायचा स्क्रू, उघडा होता आणि पेडल वर आलं, म्हणजे काढलेली हवा परत आत गेली. दोघांचे आवाज चढतात, शेजारची खिडकी उघडते. घरातल्यांनी गाडीच्या कामात रस घ्यावा अशी तुमची तक्रारवजा इच्छा होती ना? घेतला त्यांनी.

थट्टा बाजूला ठेवून दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या न सांगणं बरं नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. खाली स्टँड लावा, गाडी हलवून बघा, मगच आत शिरा. जॅकचं सील गेलं तर तो सांगून खाली बसत नाही. आणि उघड्या डब्यातलं जुनं ब्रेक ऑइल वापरू नका. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. पाणी शिरल्यानंतरची तीच मर्यादा १५५ वर येते. उतारावर ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं, की पेडल सरळ फळीपर्यंत जातं. झालं. आता पुन्हा आपल्या मार्गाला लागू.

प्रगती मोजायची कशी, हे नवख्यांना कळत नाही. ते विचारतात, गाडी सुरू झाली का? हा प्रश्नच चुकीचा. मोठ्या कामांचा हिशेब ठेवू नका; क्रियापदं मोजा. कार्ब्युरेटर उघडला, जेट फुंकलं, पुन्हा फुंकलं, उजेडाकडे धरून भोकातून आरपार बघितलं, बसवला, गळला, काढला. ही सात कामं झाली. वर्षानुवर्षं उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. तो जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीच्या, बारीक भोकात बसला की गाडी आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, चालू राहत नाही. तेव्हा टाकी न धुता कार्ब्युरेटर तेवढा साफ करा. टाकीतला गंज पुढच्या आठवड्यात हजर असतो आणि सातही कामं पुन्हा मोजता येतात.

इतकी काळजी घेऊनही एखाद्या दिवशी इंजिन सुरू होण्याचा धोका असतोच. तो टाळायला प्लगच्या वायरी मनाला येईल तशा लावा. चार सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. तुम्ही शाळेत शिकलेला १-२-३-४ लावा. सेल्फ मारल्यावर इंजिन कार्ब्युरेटरमधून शिंकेल. शिंकलं म्हणजे जिवंत आहे, असं जमलेल्यांना सांगा. लोक आशेवर घरी जातात.

आणि तरीही ते सुरू झालंच, धूर निवळला, आवाज एकसारखा लागला, तर गोंधळून जाऊ नका. कान देऊन ऐका. कुठूनतरी टिकटिक येत असतेच. इंजिन बंद करा आणि त्याच संध्याकाळी, त्याच मॉडेलची दुसरी गाडी 'फक्त पार्टसाठी' म्हणून शोधायला लागा. ती मिळते, आणि पार्टसाठी आणलेली गाडी नेहमी आपल्या गाडीपेक्षा बऱ्या अवस्थेत निघते. म्हणजे खरं तर आपल्या गाडीचे पार्ट तिला लावायला हवेत. तेव्हा दोन्ही गाड्या एकदमच सोडवायला घ्या. डबा मात्र तोच वापरा. अजून अर्धा रिकामा आहे.