‘पोरगी कुठल्या पट्टीत गाते?’

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे बनवणाऱ्या चाचांनी मला हे विचारलं आणि मी गप्पच झाले. पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा मूळ सूर, एवढंही मला ठाऊक नव्हतं.

पुण्यातली माझी भाची गाण्याची ‘मध्यमा पूर्ण’ परीक्षा पास झाली. बक्षीस म्हणून तिला तंबोरा द्यायचा, असं आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं. प्रत्येकी पाच-पाच हजार काढले. मी सांगलीत राहते, म्हणून आणायचं काम माझ्याकडं आलं. माझा हिशेब सरळ होता. जायचं, दोन-चार बघायचे, त्यातला देखणा निवडायचा आणि दिवे लागायच्या आत घरी.

चाचा म्हणाले, ‘‘ताई, बाईमाणसाची पट्टी साधारण पेटीची काळी चार नाहीतर काळी पाच असती. पण साधारण म्हणून मी तंबोरा देत नाही. तिच्या गाण्याच्या बाईंना विचारा. आणि पोरगी उंचीला किती हाय, तंबोरा उभा धरून वाजवती का मांडीवर आडवा घेती, तेबी विचारा.’’

पर्समध्ये पैसे होते, समोर चार तंबोरे तयार होते, आणि त्यांनी मला त्या दिवशी एकही विकला नाही. चहा पाजला आणि परत पाठवलं.

मी हे लिहायला बसले ते त्या परत पाठवण्यामुळं.

मागच्या वर्षी धाकट्या भाच्याला वाढदिवसाला काय द्यावं सुचेना, म्हणून एका मोठ्या साखळी दुकानाचं दोन हजारांचं गिफ्ट कार्ड घेतलं. दोन मिनिटांचं काम. काउंटरवरच्या मुलीनं छान पाकिटात घालून दिलं. भाचा राहतो जतकडच्या एका गावात. त्यानं कार्ड कपाटात जपून ठेवलं, सांगलीला येणं झालं की वापरू म्हणून. आधी परीक्षा आली, मग लग्नसराई, मग पाऊस. तो आला तेव्हा कार्डाची मुदत संपून अकरा दिवस झाले होते. मी स्वतः त्याच्यासोबत गेले, विनंती केली. ‘मॅडम, सिस्टीम घेत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. त्या मुलीचा काही दोष नव्हता, तिच्या हातात काहीच नव्हतं. पण भाच्याचा चेहरा इतका उतरला होता, जणू चूक त्याचीच. दोन हजार माझे गेले आणि मान खाली त्यानं घातली, हे मला आजही सोसत नाही.

भेट कुणासाठी आहे, हे त्या दुकानाला एकदाही विचारावं लागलं नाही. भाच्याच्या जागी दुसरं कुणीही असतं तरी कार्ड तेच, पाकीट तेच. आणि चाचा मात्र न पाहिलेल्या पोरीची उंची विचारत होते.

आठवड्यानं परत गेले. काळी पाच, उंची पाच फूट एक इंच, आणि मांडीवर आडवा घेते. चाचांनी आतून एक तंबोरा आणला. या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, महिनोन्महिने वाळवतात आणि मग कापतात. दांडी तुनीच्या लाकडाची. हे काम मिरजेत दीडशे वर्षांहून जास्त काळ चाललंय. शिकलगार घराणी, म्हणजे हत्यारांना धार लावणारी मंडळी, तंतुवाद्यांकडं वळली आणि त्यांच्या हातांनी मिरजेचं नाव देशभर गेलं. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला ते आधीच मिळालं होतं. मी सांगलीत जन्मले, वाढले, आणि या गल्लीत पहिल्यांदा पाऊल टाकलं ते पंचेचाळिसाव्या वर्षी.

चाचांनी तारा चढवल्या. आवाज आला, पण बसका, कोरडा. मग त्यांनी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा एक धागा सरकवला. केसभर पुढं, केसभर मागं. डोळे मिटलेले, कान भोपळ्याजवळ. पुन्हा तार उतरवली, घोडीवर कानस फिरवली, बोटानं पुसली, पुन्हा तार चढवली. बराच वेळ हेच चाललं होतं. आणि एका क्षणी तो आवाज असा उघडला की दुकानातलं आम्हा सगळ्यांचं बोलणं थांबलं. एकाच तारेतून चार-पाच सूर बाहेर पडतायत असं वाटलं. ‘‘जवारी खुलली,’’ चाचा म्हणाले. तारेच्या त्या भरीव, घुमणाऱ्या आवाजाला जवारी म्हणतात. मग एकेका तारेचं तेच करत बसले. चार तारांना सव्वा तास लागला. त्याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

इथं लगेच कुणीतरी म्हणेल, तंबोरा ही खास वस्तू झाली, रोजच्या भेटवस्तूंचं काय? ठीक आहे, साडीचं घेऊ. आमच्या आत्याला पंचाहत्तरी झाली तेव्हा कापड पेठेतल्या आमच्या नेहमीच्या दुकानात गेले. मालक म्हणाले, ‘‘तासगावच्या आत्या ना? त्या नऊवारी इरकल नेसतात, काठ बारीक लागतो आणि हिरवा रंग चालत नाही त्यांना.’’ हिरवा का चालत नाही हे मला माहीत होतं, काकांच्या जाण्यानंतरची गोष्ट. ते त्यांच्याही लक्षात होतं. त्यांनी हिरव्या साड्यांची घडी उघडलीसुद्धा नाही.

हेच ते दुकान, जिथं २०१९ च्या ऑगस्टमध्ये माळ्याला टेकेपर्यंत पाणी होतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर मारुती रोड, हरभट रोडवर चिखलानं माखलेले कपड्यांचे ढीग आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. २००५ ला तेच, २०२१ ला पुन्हा तेच. दर वेळी या माणसांनी फळ्या धुतल्या, गाद्या वाळवल्या आणि दसऱ्याला शटर वर केलं. म्हणून त्यांच्याकडून दयेनं खरेदी करा, असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांना दया नकोच आहे. आपल्या घरातल्या तीन पिढ्यांची आवड ज्याच्या डोक्यात आहे, असा माणूस एकदा दुकान बंद करून गेला, तर ती माहिती पुन्हा कुठंच मिळणार नाही. मला काळजी त्याची आहे.

आता दुसरी बाजूही मला तितक्याच तळमळीनं सांगायची आहे. आमच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मुलीच्या साखरपुड्याची साडी घ्यायला मॉलमध्ये गेल्या. मी विचारलं, पेठेत का नाही गेलात? म्हणाल्या, ‘‘ताई, तिथं साडी दाखवायच्या आधी विचारतात, किती रुपयातली पाहिजे? आणि आमच्याकडं वरून खाली बघतात. मॉलमध्ये मी शंभर साड्या हातात धरल्या, कुणी काही बोललं नाही.’’ यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. लेबलवर किंमत असते, सगळ्यांना एकच असते, आणि गरीब बाईला घासाघीस करताना कानकोंडं व्हावं लागत नाही. हा मोठा मान आहे, आणि तो साखळी दुकानांनी दिला, आपल्या पेठेनं नाही.

पेठेतल्या माझ्या ओळखीच्या दुकानदारांना म्हणून हात जोडून सांगते, गल्ल्यामागची ती ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी काढा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. आमच्या आत्याला हिरवा रंग चालत नाही हे तुम्ही लक्षात ठेवता, मग मावशींनाही आधी पाट, पाणी आणि चार साड्या द्या, बजेट नंतर विचारा. नवीन गिऱ्हाइकाची ओळख व्हायला पहिली भेट नीट व्हावी लागते.

आणि आपणही थोडा वेळ काढायला हवा. शेवटच्या संध्याकाळी धावतपळत भेट घ्यायची म्हटली की मॉलच बरा वाटतो, कारण तिथं कुणी काही विचारत नाही. चाचांच्या दुकानाला दोन खेपा लागल्या. पण पहिल्या खेपेनंतर मी भाचीच्या बाईंशी पहिल्यांदा बोलले, आणि पोरगी पहाटे पाचला उठून खर्ज लावते, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज करते, हे मला तेव्हा कळलं. मी तिची मावशी असून मला माहीत नव्हतं.

तंबोरा पुण्याला पोचला त्या रात्री बहिणीनं फोन लावून दिला, बोलणं काहीच नाही, नुसते चार सूर. मी इकडं ओट्याशी उभी राहून ऐकत होते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

निघताना चाचांनी सांगितलं होतं, पावसाळ्यात हवा दमट होते, जवारी बिघडेल, पाऊस संपला की एकदा घेऊन या, बघून देतो. भाऊबीजेला भाची येतेय. तंबोरा बरोबर आणायला सांगितलाय. या वेळी तिलाच घेऊन जाणार आहे, तिच्या समोर धागा सरकवू दे त्यांना.