कर्ज फेडलं म्हणून स्कोअर पडला!

आज सकाळी नागपुरात बर्डीवरच्या बँकेत दीड तास बसलो आणि डोकं तापवून घरी आलो. बेसाला फ्लॅट पाहिला आहे, होम लोन पाहिजे. साहेब स्क्रीनकडे पाहत म्हणतात, "सिबिल ७४३ दाखवून राहिलं. ७५० च्या वर असता तर व्याज कमी बसलं असतं." सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो त्यावरून मिळणारा ३०० ते ९०० मधला स्कोअर. अरे, दिवाळीत ७८१ होता! मधात असं काय पाप केलं मी?

पाप हे, की कारचं लोन मुदतीआधी फेडलं. चार वर्षं एक हप्ता चुकला नाही, बोनस आला तसा सगळा त्यात टाकला. तर साहेब म्हणतात, "तेच एक लोन चालू होतं ना, ते बंद झालं." म्हणजे कर्ज डोक्यावर असलं तर मी भरवशाचा, आणि फेडून मोकळा झालो तर संशयाचा? हा कुठला न्याय आहे?

त्यात एका महिन्यात पाच एन्क्वायऱ्या, म्हणजे कर्जासाठी बँकांनी माझा क्रेडिट रिपोर्ट पाहिल्याच्या नोंदी! मी कागदपत्रं एकाच एजंटाला दिली होती, एकाच बँकेसाठी. त्यानं मला न विचारता पाच ठिकाणी फाइल फिरवली. आपण स्वतः रिपोर्ट पाहिला तर स्कोअरला काही होत नाही, पण बँकेनं पाहिला की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरून राहिला असं दिसते. फिरला एजंट, गुण कापले माझे.

क्रेडिट कार्डाचंही तेच. एप्रिलमध्ये आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वरून घरचा कूलर जळाला. ५० हजारांच्या लिमिटमधले ४२ हजार वापरले. शेवटच्या तारखेच्या आत पै न पै भरली. पण रिपोर्टात गेला तो पैसे भरायच्या आधीचा आकडा! लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहा म्हणतात. ऑपरेशन काय ३० टक्केच करायचं होतं?

आणि माझे बाबा. जन्मभर एक रुपयाची उधारी केली नाही, गोधनीचं घर रोखीनं बांधलं. त्यांना स्कोअरच नाही! ३०० नाही, ९०० नाही, काहीच नाही. ज्या माणसानं कोणाचे पैसे बुडवले नाहीत, त्याच्याबद्दल "इतिहास उपलब्ध नाही" म्हणते ही यंत्रणा. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

संध्याकाळी त्या एन्क्वायऱ्यांची तक्रार टाकली. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ब्युरो, म्हणजे हा स्कोअर काढणारी कंपनी, स्वतःहून काही खोडत नाही. ज्यांनी एन्क्वायरी टाकली, त्या पाच बँकांनाच विचारणार, आणि त्यांनी हो म्हटलं तरच दुरुस्ती होणार.

बिल्डरला १५ तारखेला पैसे द्यायचे आहेत. आज ४ आहे.