फोर्क पुढे झुकवला की साइडकारचं हँडल हलकं होतं? नाही, आणखी जड होतं

बुलेटला साइडकार लावली की हँडल जड होतं. त्यावर एक सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो: “हेड कापून फोर्क चॉपरसारखा पुढे झुकवा, हँडल एका बोटाने फिरेल. कापायचं नसेल तर शॉकअपच्या नळ्या टीमधून इंचभर वर सरकवा, किंवा सरळ डँपर बसवा. साइडकार काढली की गाडी पुन्हा आधीसारखीच चालवा.”

(फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची जोडी, म्हणजेच शॉकअप; हेड म्हणजे फ्रेमचा तो पाइप ज्यात फोर्क फिरतो; टी म्हणजे फोर्कच्या नळ्या पकडून हेडला जोडणारा भाग; डँपर म्हणजे हँडलची हालचाल रोखून मंदावणारा दांडा; आणि चॉपर म्हणजे फोर्क लांब पुढे काढलेली गाडी.) यातली जडपणाची तक्रार तेवढी खरी आहे. उपाय एकही धड नाही.

आधी जडपणाचं कारण पाहू. हेडच्या पाइपाची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. त्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. सामानाच्या ट्रॉलीचं चाक याच तत्त्वावर आपोआप सरळ होतं. दुचाकी वळणावर कलते, त्यामुळे हातांना हे सरळ होऊ पाहणं फारसं जाणवत नाही. साइडकारची गाडी कलत नाही. टायरवर आडवा पडणारा जोर ट्रेलच्या लांबीने हँडलवर येतो आणि तो आपल्याला दंडाने परतवावा लागतो. म्हणजे हलकं करायचं तर ट्रेल कमी व्हायला हवा.

आता पहिला दावा हिशोबाने तपासू. चाकाची त्रिज्या ३२० मिमी, हेडचा कल उभ्या रेषेपासून २७ अंश आणि फोर्कचा ऑफसेट (हेडच्या रेषेपासून चाकाचा आस जेवढा पुढे असतो ते अंतर) ५० मिमी धरला, तर ट्रेल सुमारे १०७ मिमी येतो. हेड कापून कल ३२ अंश केला की तो १४१ मिमीवर जातो. म्हणजे वेल्डिंगचे पैसे देऊन हँडल आणखी जड करून घ्यायचं! आणि वेल्डिंग कुठे, तर ज्यावर पुढचं अख्खं चाक लटकलेलं असतं त्या हेडवर. याउलट कल २७ अंशच ठेवून ऑफसेट ९० मिमी केला, तर ट्रेल ६२ मिमीवर येतो. साइडकारला हेच हवं असतं.

गैरसमज कशातून आला तेही समजण्यासारखं आहे. काही साइडकारवाले कोनात बनवलेली टी वापरतात. तिच्यात हेड तसंच राहतं, फक्त नळ्या काही अंश पुढे निघतात आणि चाक हेडच्या रेषेपासून पुढे जातं. ट्रेल घटतो. फोटोत मात्र ही गाडी आणि चॉपर सारख्याच दिसतात, आणि दोन्हींना लोक ‘रेक’, म्हणजे कल, ‘वाढवला’ असंच म्हणतात.

नळ्या इंचभर वर सरकवल्याने काय होतं? १,३७० मिमी व्हीलबेसच्या (दोन चाकांच्या आसांमधल्या अंतराच्या) गाडीचा कल जेमतेम एक अंशाने बदलतो आणि ट्रेल सहा-सात मिलिमीटरने कमी होतो. हाताला फरक कळला तर नवल. वर साइडकारचं जुळवलेलं अलाइनमेंट बिघडतं ते वेगळंच.

डँपर जडपणा कमी करत नाही, वाढवतोच. तो हवा असतो वेगळ्या कारणासाठी: ट्रेल घटवल्यावर कमी वेगात हँडल थरथरू लागतं, ती थरथर तो दाबतो. म्हणून ट्रेलचं काम करून मग डँपर लावणं रास्त, नुसता डँपर लावणं व्यर्थ. हँडल थरथरतंय म्हणून डँपर घट्ट पिळण्याआधी कोनसेट (हेडमधलं बेअरिंग) सैल नाही ना, हेही बघा.

गाडी एका बाजूला ओढते ही तक्रारही लोक यातच मिसळतात. आपल्याकडे साइडकार डावीकडे असते, म्हणून रेस दिली की गाडी डावीकडे जाते आणि गॅस सोडला की उजवीकडे. ट्रेल कमी केला तर ती ओढ सावरायला जोर कमी लागतो, पण ओढ जात नाही. तिच्यासाठी टो-इन (साइडकारचं चाक पुढून किंचित गाडीकडे वळवणं) आणि गाडीचा साइडकारपासून बाहेरच्या बाजूला असलेला कल जुळवावा लागतो, आणि त्याला खर्च जवळपास शून्य.

सल्ल्यात लीडिंग लिंक फोर्कचा (ज्यात चाक मागे बिजागरी असलेल्या आखूड आर्मवर पुढे धरलेलं असतं) उल्लेखच नाही, आणि मला ती सर्वात मोठी उणीव वाटते. उराल कंपनीच्या साइडकार गाड्यांना तोच असतो. न कलणाऱ्या गाडीत वळणाचा आडवा ताण थेट फोर्कवर येतो. साध्या टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या) नळ्या त्यात पिळवटतात, लीडिंग लिंक तग धरतो. पण नुसतं नाव लीडिंग लिंक असून भागत नाही. बनवणाऱ्याने ट्रेल किती ठेवलाय ते विचारूनच पैसे मोजा.

राहिला शेवटचा दावा, साइडकार काढून तशीच गाडी चालवण्याचा. १९५५ ते १९६९ या काळात बीएमडब्ल्यूने अर्ल्स फोर्क, म्हणजे लीडिंग लिंकचाच एक प्रकार, वापरला. त्यात पुढच्या आर्मच्या पिव्हटसाठी (बिजागरीसाठी) दोन जागा दिल्या होत्या: एक सोलोसाठी, म्हणजे साइडकारशिवाय चालवायला, दुसरी कमी ट्रेलची, साइडकारसाठी. एकाच ट्रेलवर दोन्ही भागलं असतं तर त्या कारखान्याने दुसरं भोक पाडलंच नसतं. कमी ट्रेलची सोलो गाडी वेगात अस्थिर होते. साइडकार उतरवली की जुनी टी परत बसवा. आणि मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, तेव्हा कापाकापीआधी आरटीओत चौकशी करा.