दुप्पट ऑइल घातलं म्हणून मशीन मंद चालत नाही

वर्सोवा, मढपासून ससून डॉकपर्यंत ओबीएमवाल्यांच्या (होडीच्या मागे बाहेरून लावायचं मशीन, आउटबोर्ड मोटर) व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय: "जुनं टू-स्ट्रोक मशीन मंद चालवून गळ ओढायचेत? ऑइल दुप्पट घाला, थर्मोस्टॅट काढून फेका, एक नंबर गरम प्लग लावा. मग दिवसभर आयडलवर ठेवा, काही होत नाही." आयडल म्हणजे थ्रॉटल न देता सगळ्यात मंद चाल. होतं, आणि बरंच होतं.

"ऑइल दुप्पट घाला." टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. ५०:१ म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली ऑइल, दुप्पट म्हणजे ४००. मंद चालीत पिस्टन-बेअरिंगवर भारच कमी, मग जादा ऑइल हवं कशाला? क्रँककेसमधला (पिस्टनखालच्या पोकळीतला) हवेचा जोरही तेव्हा कमी असतो, म्हणून ऑइल तळाशी साचतं. तासाभराने थ्रॉटल उघडलं की ते एकदम वर येतं, प्लग ओले होतात आणि मशीन एका सिलिंडरवर रखडतं. दुसरं नुकसान लक्षातच येत नाही. जेटमधून (कार्बोरेटरच्या बारीक भोकातून) जायचं तेवढंच मिश्रण जातं. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल घटतं, म्हणजे मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी). वर पंपावरचं पेट्रोल आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं. इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटला ते आणखी लीन पडतं. बहुतेक मेकर १० टक्क्यांपुढच्या इथेनॉलला नाहीच म्हणतात.

काही फार जुनी मशीनं २५:१ च्या आसपास मागतात, त्यांना तेवढंच द्या. मॅन्युअल सांगेल तो हिशोब. ऑइल मात्र टीसी-डब्ल्यू३ चंच, म्हणजे पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं. स्कूटरचं टू-टी स्वस्त पडतं, पण त्यातल्या राखेचा थर पाण्यावर थंड होणाऱ्या मशीनच्या प्लगवर आणि रिंगांवर बसतो.

"थर्मोस्टॅट काढा." हा सल्ला कुठून आला ते कळतं. मिठाने थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकतो, मशीन तापतं. तो काढला की थंड होतं आणि सगळे खूश. पण मंद चालीत तापमान सांभाळणारा तोच. तो नसला तर ब्लॉक थंडगार राहतो, पेट्रोल नीट वाफ होत नाही, कार्बन धरतो. काढून फेकण्याआधी तपासा: दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, शेजारी थर्मामीटर, आणि पाणी तापवा. मॅन्युअलमधल्या आकड्याला (बहुधा ५० ते ६० अंशांत) उघडला नाही तर नवा घाला. रोज गोड्या पाण्याने मशीन आतून धुतलं तर तो सहसा अडकत नाही.

आयडलवर खरी काळजी इम्पेलरची, म्हणजे थंड करणारं पाणी खेचणाऱ्या पंपाच्या रबरी चक्राची. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी चिखल आणि प्लास्टिकच्या पिशव्या असतातच. बाजूच्या भोकातून येणारी पाण्याची धार बारीक झाली की आधी इनटेक बघा, मग इम्पेलर.

"गरम प्लग लावा." गरम प्लग म्हणजे ज्याचं टोक जास्त तापलेलं राहतं तो. एनजीके कंपनीत आकडा लहान तो प्लग गरम, म्हणजे बी८एचएसऐवजी बी७एचएस. चॅम्पियनमध्ये उलट. मंद चालीत तो स्वच्छ राहील, पण परतताना फुल थ्रॉटल दिलंत की टोक लालबुंद होऊन स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं. मंद वापरासाठी मेकरनेच वेगळा प्लग दिला असेल तर तो घाला. नाहीतर नेहमीचाच, गॅप बरोबर, आणि एक जादा सेट डब्यात.

"दिवसभर आयडलवर ठेवा." सुरमईचा गळ ४ ते ६ नॉटला ओढतात, बहुतेक होड्यांना त्यासाठी आयडलपेक्षा वरच जावं लागतं. दर १५-२० मिनिटांनी, गळ तपासायला वर घेतलेत की, मिनिटभर अर्ध्याहून जास्त थ्रॉटल द्या, साचलेलं जळून जाईल.

मिक्श्चर स्क्रू (मंद चालीचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) लावायचा तो होडी पाण्यात, मशीन गरम आणि गिअरमध्ये असताना. तो पेट्रोलचा असेल तर हळूहळू आत फिरवा. कार्बोरेटर शिंकायला लागला की पाव फेरा बाहेर. हवेचा स्क्रू असेल तर सगळं उलट, म्हणून आधी मॅन्युअल उघडा. थोडं पेट्रोल जास्त राहिलं तर धूर दिसेल, पण लीन राहिलं तर पिस्टन जाईल.

जिवंत चाऱ्याला २ नॉटच हवेत आणि आयडललाही होडी पळते? भोकं पाडलेली बादली मधल्या क्लीटला (दोरी बांधायच्या खुंटीला) बांधून पाण्यात सोडा. मशीनला फेरे मिळतात, होडी रेंगाळते. दोरी पंख्यापर्यंत पोचणार नाही एवढीच ठेवा, आणि रिव्हर्स टाकायच्या आधी बादली वर.