गळ आणि गाळ

आमच्या घरात मासा दोनच जागी असतो. एक देवघरात, दशावतारांच्या तसबिरीतला पहिला. दुसरा पंचांगात, मीन राशीच्या चौकटीत. माय माळकरी. बाजारात मासळीची ओळ आली की ती नाकाला पदर लावून चाल वाढवते, आणि माझी पन्नाशी उलटली तरी मी तिच्यामागून तसाच पळतो. असा मी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी मांड्यांपर्यंत गढूळ पाण्यात उभा राहून, तळाशी बाभळीच्या बुंध्यात अडकलेला एक लाल प्लास्टिकचा मासा चाचपत होतो. मासा नऊ डॉलरचा होता. गुडघे माझे होते.

हे सगळं भाच्यामुळे. भाच्याला नाही म्हणायचं नाही हा आमच्याकडचा जुना कायदा, त्यात हा टेक्सासहून आलेला. आयटीत आहे. (अमळनेरच्या पोराने आयटीत जावं यात नवल नाही. विप्रोच मुळी 1945 साली आमच्या गावात वनस्पती तूप काढायला निघाली होती. आमच्याकडे डालड्यापासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळं एकाच रस्त्याने जातं.) मावसबहिणीच्या लग्नाला म्हणून तो आला, घरादाराला गोळा करून बॅग उघडली, आणि चॉकलेटच्या जागी कप्प्याकप्प्यांचा एक पारदर्शक डबा निघाला. आत चकचकीत काहीतरी. सोनेरी पत्र्याचे गोल लोलक, खाली झालर, मधे लाल मणी.

"नाकातलं दिसतंय," माय म्हणाली.

"कानातलं," म्हणत बायकोने एक उचलून कानाला लावून पाहिलं आणि लगेच ठेवून दिलं. त्याला खाली बोटभर आकडा होता.

ते सगळं माशांचं आमिष निघालं. पितळी लोलकवाल्याला स्पिनरबेट म्हणतात, आणि पोटात छर्रे असलेल्या लाल लाकडी-प्लास्टिकच्या माशांना क्रँकबेट. भाच्याला तिकडे बास नावाच्या माशाचा नाद लागला आहे. शनिवार उजाडला की कुठल्यातरी तळ्यावर. लेक फोर्क नावाचं एक तळं आहे म्हणे, त्याचं नाव घेताना हा मुक्ताईचं नाव घ्यावं तसा हात जोडतो. त्या रात्री जेवणं झाल्यावर त्याने मला समोर बसवून बासशास्त्र शिकवलं. मासा थंड रक्ताचा. हिवाळ्यात पाणी गार झालं की तो सुस्तावतो, खाणं कमी, हलणं कमी. (हे ऐकताना बायकोने माझ्याकडे पाहिलं.) थंडी सरायला लागली, पाणी जरा कोमट झालं, की तो अंडी घालण्याच्या तयारीने खोलातून काठाकडे यायला निघतो. पाणी साधारण 60 ते 65 फॅरनहाइट झालं की त्यांची लग्नसराई. त्याच्या आधीचे दिवस म्हणजे शिकाऱ्याची दिवाळी, कारण मादी तेव्हा अंड्यांनी जड आणि भुकेली असते. पाणी गढूळ असेल तर त्याला दिसत नाही. मग तो अंगावरच्या एका रेषेने पाण्यातली थरथर ओळखतो. म्हणून छर्रेवाला आवाजी मासा, म्हणून गोल पात्याचा लोलक, तो पाण्यात जास्त धडधडतो. आणि सगळं हळू ओढायचं. अगदी हळू.

"आणि धरल्यावर?" मी आवाज खाली आणत, मायच्या खोलीकडे बघत विचारलं.

"सोडून द्यायचा, मामा. तिकडे सगळे सोडतात."

माझा जीव भांड्यात पडला. ज्या खेळात मासा घरी येत नाही तो खेळायला काय हरकत आहे? मी पारोळ्याजवळच्या आमच्या मूळ गावच्या पाझर तलावाचं नाव सुचवलं. ही चूक.

आता त्याच्याच शास्त्राप्रमाणे थंडीच्या दिवसांत मासा दुपारी लागतो, ऊन चढल्यावर. पण भाच्याच्या शरीरात अजून टेक्सास चालू होतं, त्यामुळे रात्री अडीचला त्याचे डोळे टक्क उघडे आणि साडेतीनला मी कानटोपी, मफलर, लोकरी मोजे अशा अवतारात गाडीत. बायकोने वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात. शिवरात्र अजून आठ दिवसांवर होती आणि थंडी नुसतीच बसली होती. बाहेर आठ अंश. रावेर-यावलकडे अशा थंडीने केळीला चरका बसतो. मला काय बसतो ते डॉक्टर सांगतील.

तलावावर पोहोचलो तेव्हा अंधार होता, आणि तरीही आम्ही पहिले नव्हतो. खानदेशात रात्रीच्या लाईटवर गव्हाला पाणी भरणारा माणूस कुठल्याही वेळी कुठेही असतो. टॉर्चचा झोत आधी आमच्या तोंडावर, मग गळाच्या काठीवर.

"काय पडनं का पानीमा?"

"नाही, मासे धरायचे आहेत."

झोत परत तोंडावर आला, जरा जास्त वेळ थांबला. चार दिवसांपूर्वी अवकाळी झाला होता, ओघळांनी बांधावरची माती तलावात आणली होती आणि पाणी दुधाचा चहा झालं होतं. भाचा ते पाहून खूश. गढूळ पाणी ऊन पटकन शोषतं, स्वच्छ पाण्यापेक्षा लवकर तापतं, असं तो त्या शेतकऱ्याला सांगायला लागला. अवकाळी पावसाने आनंदी झालेला माणूस त्या शेतकऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असावा. त्याचा गहू आडवा झाला होता. मी भाच्याचा दंड धरून पुढे नेला.

पुढे म्हणजे गाळात. आमची काळी माती कापसाला फार चांगली आणि बुटाला त्याहून. पहिल्या पावलाला ती तळव्याला लागते, तिसऱ्याला कडेने वर येते, सहाव्या पावलाला माणूस तीन इंच उंच होतो आणि दहाव्या पावलाला बूट जागेवर राहून पाय एकटाच पुढे जातो. माझा डावा बूट असा तीनदा मागे राहिला. चौथ्यांदा मी त्याला तिथेच ठेवला.

उजाडल्यावर भाच्याने दोऱ्याला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला, वर काढला आणि नाचायलाच लागला. 63! बरोब्बर मुहूर्तावर आलो होतो. एवढ्यात तलावाचा राखणदार आला. तलाव मत्स्य सोसायटीकडे ठेक्याने आहे. पावसाळ्यात ती बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडते, रोहू, कटला, मृगळ, आणि वर्षभर हा माणूस ती राखतो. परवानगी आम्ही काढलेली नव्हती, आणि ते कबूल करायच्या आधीच भाच्याने त्याला 63 ची आनंदवार्ता देऊन टाकली. की आता मासे लग्नाला काठावर येणार.

राखणदाराने विडी विझवली. "आमना मासा आखाडमा लगीन करतस," तो म्हणाला.

आणि ते खरंच आहे. रोहू-कटल्याचं लग्न पावसाळ्यात, तेही नदीच्या वाहत्या पुरात. साठल्या तलावात ते अंडी घालतच नाहीत, म्हणून तर बोटुकली विकत आणून सोडावी लागते. आम्ही टेक्साससाठी काढलेली तिथी घेऊन खानदेशातल्या मांडवात उभे होतो, चार-पाच महिने आधी. बास तर इथे औषधालाही नाही. राखणदाराने मग तो लाल क्रँकबेट हातात घेतला, कानाशी हलवून पाहिला, आतले छर्रे वाजले.

"हाई ते खुळखुळा शे. मासा काय धाकला पोऱ्या शे का?"

परवानगी मिळाली. याला काही लागत नाही अशी त्याची पूर्ण खात्री झाली म्हणून मिळाली, हे स्पष्ट दिसत होतं.

पुढचे चार तास मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात काहीच झालं नाही. भाचा फेकायचा, हळू ओढायचा, फेकायचा. मी मागे उभा राहून थंडीने हलायचो. आठच्या सुमाराला म्हशी आल्या आणि जिथे पाणी थोडं निवळलं होतं तिथेच नेमक्या बसल्या. म्हशींबरोबर गुराखी आला, गुराख्याबरोबर शाळेला दांडी मारलेली दोन पोरं, मग वीटभट्टीवरचे तिघं. आमच्याकडे माणूस पाण्याकडे तोंड करून दहा मिनिटं उभा राहिला की मागे सभा भरते. एक म्हणाला कणकेची गोळी लावा, दुसरा म्हणाला त्यात हिंग घाला, तिसऱ्याने हिंगाला विरोध केला आणि तो वाद त्यांच्या सोयरिकीपर्यंत गेला.

मग क्रँकबेट अडकला. थंड गढूळ पाण्यात मासा बुंध्या-दगडांना चिकटून बसतो, म्हणून फेकायचं तेही तिथेच, असं शास्त्र. बुंधा बाभळीचा. आपल्या आकड्यांपेक्षा बाभळीला आकडे जास्त. भाच्याने इकडून ओढलं, तिकडून ओढलं. "जाऊ द्या मामा, नऊच डॉलरचा आहे." मी मनात गुणाकार केला. सातशेच्या पुढे गेला तशी मी पँट वर केली.

पहिली दोन पावलं पाणी गार लागलं. तिसऱ्याला ते लागेनासं झालं, पायच लागेनासे झाले. खाली गाळ घोट्याच्या वर, वरून पाणी मांडीपर्यंत, आणि काठावरून सभेच्या सूचना. हात खांद्यापर्यंत बुडवून मी बुंधा चाचपला. गुळगुळीत साल, मग काटा, मग काहीतरी मऊ जे आपणहून सरकलं आणि ज्याच्याबद्दल मी आजवर कुणाला विचारलेलं नाही, आणि मग छर्र्यांचा बारीक आवाज. मासा सापडला! मी तो वर धरला तशा पोरांनी टाळ्या वाजवल्या. आकडा तेवढा माझ्या मफलरमध्ये रुतला होता. तो कापावा लागला. मफलर, म्हणजे.

अकराला भाच्याचा टेक्सास मावळला. अर्धी भाकरी खाऊन तो निंबाखाली जो आडवा झाला तो गेलाच. काठी माझ्या हातात राहिली. एका हातात भाकरी-भरीत, दुसऱ्या हाताची बोटं अजून वळत नव्हती. ऊन चढलं होतं, म्हशी उठून गेल्या होत्या. नुसतं बसायचं कसं म्हणून मी मघाचाच खुळखुळा जेमतेम पाचसहा हातांवर टाकला आणि एक घास, अर्धी फिरकी, एक घास, अर्धी फिरकी असा ओढत राहिलो. इतकं हळू भाच्यालाही जमलं नव्हतं. त्याच्याकडे संयम होता, माझ्याकडे भरीत होतं.

चौथ्या घासाला काठी वाकली.

मला वाटलं पुन्हा बाभूळ. पण बाभूळ डावीकडे पळत नाही. भाकरी कुठे गेली मला माहीत नाही. "मामा, ढिलं सोडा! मामा, ताठ धरा!" भाचा उठला होता, सगळी सभा पाण्यात उतरली होती, आणि दोन मिनिटांनी माझ्यासमोर चिखलात एक मरळ आपटत होती. हातभर लांब, सापासारखं डोकं, अंगावर काळपट पट्टे, किलोच्या आसपास. बोटुकलीच्या यादीत नसलेली, आपली आपण वाढलेली. मरळ पाण्याबाहेरची हवाही घेते, त्यामुळे ती घाबरलेली नव्हती. ती रागावलेली होती.

सभेत शांतता पसरली. मरळ म्हणजे काट्यांची कटकट नाही, आजारी माणसाला ताकद यावी म्हणून देतात, भाव रोह्यापेक्षा कितीतरी वर. राखणदाराने विडी कानामागे खोचली. आणि माझ्या भाच्याने ओल्या हाताने मरळ उचलली, आकडा काढला, तिला दोन क्षण पाण्यात आडवी धरली आणि सोडून दिली.

मी आयुष्यात दोन निवडणुकांच्या मतमोजणीला बसलो आहे. असा गलका ऐकला नाही.

"धरतस आनि सोडी देतस? मंग धरतस कसाले?" गुराख्याचा आवाज फाटला. भाचा समजावू लागला: अमेरिकेत असंच करतात, मासा पुन्हा वाढतो, पुन्हा धरता येतो. भाषांतर माझ्याकडे होतं. आणि बोलता बोलता, का कोण जाणे, मी त्यांना आदल्या रात्री ऐकलेली गोष्ट सांगून बसलो. जगातला विक्रमी बास 1932 साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या एका शेतकऱ्याच्या पोराने धरला, 22 पौंड 4 औंस, म्हणजे दहा किलोच्या वर. विक्रमाच्या वहीत आजतागायत त्याच्या पुढे कुणाला जाता आलेलं नाही.

"त्यानी सोडा का मंग?"

"नाही," मी म्हणालो. "घरी नेला. घरच्यांनी खाल्ला."

एकदम समाधान पसरलं. शेतकरी शेवटी शेतकरीच. त्या क्षणापासून जॉर्ज पेरी पारोळा तालुक्याचा झाला आणि माझा भाचा परका. "सोडानं व्हतं तं मन्हा घर सोडानं ना," वीटभट्टीवरचा एक जण जाता जाता म्हणाला. खूश फक्त राखणदार. तलावातलं तलावात राहिलं होतं.

घरी पायाला गरम पाणी, सुंठ, मायची चौकशी. मासा आणला नाही, सोडला, हे मी जरा छाती काढूनच सांगितलं. निदान इथे तरी पुण्य लागेल.

"आकडा कुठं लागला होता त्याले?"

"जबड्यात."

माय बराच वेळ माळ ओढत राहिली. "खायचं नव्हतं तर तोंड कशाले फोडलं त्याचं?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

हळदीच्या दिवशी वाढप्याने पानात वरण घालताना हात थांबवला. "मरळ सोडणारे मामा तुम्हीच का?" म्हणेपर्यंत पंगतीतल्या चौघांनी मान वर केली होती. भाचा परत गेला, जाताना काठी आणि खुळखुळ्यांचा डबा मला देऊन गेला. मार्चमध्ये पाणी तापलं की जा म्हणाला. त्याला कोण सांगणार, आमच्याकडे पाणी तापायचं म्हणजे काय असतं ते.

काल राखणदाराचा फोन आला. नंबर त्याने कुठून मिळवला माहीत नाही. तब्येत विचारली, भाच्याची विचारली, मग जरा घुटमळला.

"मामा, परत कव्हय येतस? येवाना पहिले फोन करा बरं का." मागे कुणीतरी हसत होतं. "तुम्ही सोडतस ना, तठेच आम्ही जायं लाई ठेवसुत."